सीआरपी उतरला, दम नाही

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपारी साडेचारला बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाचा, दिगूचा ऑक्सिजन काढला. कडब्याची गंज पेटली तेव्हा गुरं सोडवताना धूर छातीत गेला, फुफ्फुसं सुजली. आज रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा आकडा, उतरला म्हणून मास्क खुंटीवर. दिगूकडे पाहिलं का? नाही. कागदाकडे पाहिलं.

“ताई, दम लई लागतोय,” दिगू म्हणाला.

“मावशी, रिपोर्ट एक नंबर हाय,” नर्स म्हणाली.

“मग रिपोर्टलाच घरी पाठवा. मास्क ह्याला लावा.”

कालपासून स्टेरॉईड चालू आहे. त्यानं सीआरपी उतरतो, फुफ्फुस सुजलेलं असलं तरी. शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला हे कळतं, मग डॉक्टरांना कसं नाही? मी हट्टानं बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला लावलं, आकडा कमी आला, तेव्हा कुठे मास्क खुंटीवरून खाली आला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला चूक झाली की आधी सॉरी म्हणायला शिकवायचे. इथे कुणी म्हणालं नाही.

उद्या दुसरे डॉक्टर तोच कागद पाहून मास्क पुन्हा काढतील. म्हणून दवाखान्याच्या प्रमुखांना आज अर्ज देणार, त्यात हेच लिहिणार: निव्वळ सीआरपी पाहून ऑक्सिजन का काढलात? यापुढे पेशंटचा श्वास तपासल्याशिवाय काढणार नाही, हे उद्या दुपारी बाराच्या आत सहीनिशी लेखी द्या.