उन्हात सावरणारं शेवाळ

लाडक्या रुबी,

आज जीव एका जागी ठरत नाहीये. प्रयोगशाळेतून निघाले ती उगाच मिरकरवाड्याच्या जेटीपर्यंत चालत गेले, तिथूनही लगेच परत फिरले. घरी आले तर तिथे वेगळंच काहीतरी चाललेलं. कुणाशी बोलू? जिच्याशी बोलायचं, ती तर कब्रस्तानात! म्हणून लिहायला बसलेय.

तू लहान होतीस तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. उन्हाने सगळ्यांच्याच कातडीतल्या पेशींचा डीएनए बिघडतो, पण शरीर तो दुरुस्त करतं. तुझं शरीर करत नव्हतं. जन्मतःच. आपण तिथे पोचेपर्यंत तुझ्या गालांवर काळे ठिपके दाटले होते आणि शेजारच्या बायका तुझी नजर काढून थकल्या होत्या.

आरे-वारेच्या किनाऱ्यावरचा तो दिवस आठवतो? मी कॉलेजसाठी शेवाळ गोळा करायला निघाले, तर तू हातमोजे घालून, अम्मीची जाड ओढणी तोंडाला गुंडाळून आधीच रिक्षात बसलेली. भर दुपारी! "उतर खाली," मी ओरडले. तू जागची हलली नाहीस. "लांबून किती बघू दर्या? आज जवळून बघते."

ओहोटी होती. तू कातळाच्या सावलीत बसलीस. मी आणलेलं हिरवं शेवाळ बोटांनी चाचपलंस. "आपा, हे तर रोज उन्हात पडून असतं. याचा डीएनए बिघडत नाही?"

"माहीत नाही गं."

"मग कॉलेजात शिकवतात काय तुम्हाला?"

किती हसलीस! मला मात्र तो प्रश्न चिकटला तो चिकटलाच. त्याच्याच मागे मी एम.एस्सी. केलं, संशोधनाला लागले. तोवर तुझ्या नाकावरची कॅन्सरची गाठ कापावी लागली, मग पापणीवरची. दुखलं तरी तू मलाच विचारायचीस, "सापडलं काही?" आणि उत्तर न घेताच गेलीस. अशी कसली घाई होती गं तुला?

आज सापडलं. बिघडतो, रुबी, शेवाळाचाही डीएनए बिघडतो! गेल्या आठवड्यात मी दोन बशांमधल्या शेवाळावर अतिनील दिवा धरला. मग एक बशी काळ्या कागदात गुंडाळली, दुसरी उजेडात ठेवली. अंधारातलं शेवाळ मेलं; दिवा न दाखवता अंधारात ठेवलेलं मात्र तगलं. उजेडातलं पुन्हा वाढू लागलं. त्याच्याकडे एक एन्झाइम असतं, ते उजेडाच्याच जोरावर डीएनए सांधतं. ऊनच बिघडवतं आणि ऊनच दुरुस्त करतं!

सर खूश झाले. मला ओरडावंसं वाटलं. अब्बा ट्रॉलरवरून आणतात त्या माशांकडेही हे एन्झाइम असतं. माणसाकडे मात्र नाही. का नाही? कुणाला विचारायचं?

आणि घरी आले तर आपली चुलतबहीण शमीम बसलेली, मांडीवर तिची आयेशा. पोर आत्ता कुठे चालायला लागलीय. गालांवर तेच ठिपके. उन्हात नेलं की डोळे घट्ट मिटून रडते म्हणे. "नजर लागली असेल," शमीम म्हणाली.

अम्मी ताडकन उठली. खिडक्या लावल्या, मुलीला उचलून घेतलं. "नजर नाही ही. माझ्या रुबीला होतं तेच आहे."

तू गेल्यापासून तिने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं गं.

शमीम चिडली. "माझ्या धडधाकट मुलीला आजारी ठरवू नका!" तरातरा दारापर्यंत गेली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. ती उंबऱ्याशी थांबली, अम्मीच्या कुशीतल्या आयेशाकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

उद्या ऊन उतरल्यावर सुटणाऱ्या गाडीने आम्ही मुंबईला निघतोय. माझं एन्झाइम आयेशाच्या कधी कामी येईल का, मला ठाऊक नाही. त्याचं वचन देत नाही. पण तिला आत्तापासूनच उन्हापासून जपू, तिच्या गालांवरून मिरच्या ओवाळत कुणी वर्षं घालवणार नाही. ती तुझ्याहून मोठी होईल, रुबी. म्हातारी होईल. त्यासाठी जे करावं लागेल ते मी करीन.

तुझी,
आपा