माइक कुठे ठेवला होता

॥ श्री ॥

माधवनगर,
रविवार, दि. १४ डिसेंबर १९४७

चिरंजीव सयाजी यास,

आबाचा आशीर्वाद. आम्ही दोघं मारुतीरायाच्या कृपेनं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरतो, पण ती ऐकून घेत नाही, पहाटेच उठते. म्हैस गेल्या आठवड्यात व्याली. रेडी झाली, कपाळावर चांद आहे.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. मिलमधून आल्यावर आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. पुण्यात थंडी फार आहे, मिलिटरी डेपोतलं जेवण सोसतं, तिनं विणलेला हिरवा स्वेटर अजून धड आहे, हे ऐकून तिला समाधान झालं. शेवटच्या ओळी मी दोन्ही वेळा गाळल्या. बावीस तारखेला, सोमवारी, तू पुन्हा पलटणीत सही करणार आणि त्याच्या आदल्या दिवशी गिटार कॅम्पातल्या कुणा बँडवाल्याला देऊन टाकणार, हे तिला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. "हातात जोर उरला नाही हे कोल्हापूरच्या लोकांनी बरोबर ओळखलं, आबा. काश्मीरकडे माणसं लागत आहेत आणि वायरलेसवर बसायला आठ बोटं पुरतात," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी मिलमध्येही चार दिवस मनात वाचतो आहे.

कुंडलचा सप्ताह कार्तिकात पार पडला. शालूआत्यानं तुझ्यासाठी काकवीचा डबा दिला आहे, तो या पत्राबरोबर येईल. सप्ताहाला कर्णा आणि माइक आपलाच होता. कीर्तनकार बुवा आवाजाचे मोठे, माइकला खेटून उभे राहायचे आणि कर्णा शिट्टी मारायचा. मी दोनदा माइक मागं सरकवला, दोनदा ते पुढं आले. शेवटी भाऊसो पाटील मागून ओरडला, "आवं बुवा, माइकला काय मुका घेताय व्हय!" देवळात लय हशा झाला.

वीणा मात्र यंदा मी घेतली नाही. माझ्यानंतर ज्याचा पहारा असतो त्या ज्ञानूला घ्यायला लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांनी विचारलं, खांदा धरलाय म्हणून सांगितलं. खांद्याला काही झालेलं नाही. पहाऱ्याची वीणा खाली टेकत नाहीत, हे तुला सांगायला नको. ज्याच्या गळ्यात असते तो दुसरा येईपर्यंत उभा राहतो, आणि देताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वय, जात, नातं काही बघत नाहीत. माझा पहारा संपला की ज्ञानू माझ्यासमोर हात पसरून उभा राहील, हे डोळ्यांपुढं आलं आणि मला वाटलं, याला माझ्या पायाला हात लावू देण्याच्या लायकीचा मी नाही. म्हणून मी वीणा हातात न घेताच बाजूला झालो.

आता लिहितो. फिरवून लिहीत बसलो तर हे पानही संपेल.

चैत्रातला तो रविवार आठव. तुझ्या मित्रानं, रेडिओवाल्या आदगोंडानं, मिलिटरीच्या लिलावातलं ग्रामोफोनची तबकडी कोरायचं यंत्र सांगलीहून बैलगाडीत घालून आपल्या घरी आणलं होतं. त्याच्याजवळ कोऱ्या तबकड्या दोन होत्या, त्यातली एक शिकण्यात गेली होती. उरलेली एक तुझी. कोल्हापूरच्या त्या चित्रपटसंस्थेला वादक हवा होता आणि त्यांनी नमुना मागवला होता. सगळं त्या एका तबकडीवर होतं.

सकाळी आपण नुसती चाचणी घेतली, यंत्र न फिरवता. आदगोंडानं तुझ्यासाठी बांधलेला अँप्लिफायर आणि त्याच्या स्पीकरचा खोका मधल्या खोलीत पाटावर ठेवला. मागच्या भिंतीला आईनं गोधडी टांगली, आवाज घुमू नये म्हणून. माइक खोक्यासमोर हातभर अंतरावर, किंचित एका अंगाला. ती जागा तूच शोधलीस. इंचाइंचानं सरकवत मला विचारत होतास, कारण हेडफोन माझ्या कानाला होता. तुम्ही दोघांनीच म्हटलं होतं की आबांचा कान मिलच्या यंत्रांत तयार झालाय, कुठला आवाज कुठून येतो ते त्यांना कळतं.

तू ती विजेवरची गिटार मांडीवर आडवी घेतलीस, ती लोखंडी कांडी तारांवर ठेवलीस आणि आईची जात्यावरची ओवी वाजवलीस. तोवर मी तुझं वाजवणं बाहेरूनच ऐकलं होतं, खोलीतला कलकलाट म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा कानाच्या आत ऐकलं. सयाजी, आजवर हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण ऐकणारा मी एकटा होतो. तारेला बाईमाणसाचा कंठ फुटला होता. शेवटच्या ओळीला तुझी आई दम घ्यायला थांबते, तिथं तू थांबलास. स्वयंपाकघरात तिचं लाटणं थांबलं. लढाईत ताठरलेल्या तुझ्या त्या दोन बोटांचं मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. हातात जोर होता. जोरापेक्षा जास्त काही होतं.

आणि मला भय वाटलं. हे ऐकून ते लोक याला सोडणार नाहीत. हा गेला.

तू लढाईवर इटलीत होतास ती दोन वर्षं पोस्टमन गल्लीत शिरला की तुझी आई आत जाऊन चुलीकडं तोंड करून बसायची. पत्र असलं तर मी हाक मारायची, नसलं तर मुकाट राहायचं. मी मारुतीला बोललो होतो, पोरगं धड परत येऊ दे, पुन्हा त्याला वेशीबाहेर जाऊ देणार नाही, माझी वीणा त्याच्या गळ्यात घालीन. नवस मी बोललो आणि फेडायचा तू. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. कोल्हापूर काही इटली नव्हे, एवढंसुद्धा आलं नाही.

तू हात धुवायला मागं गेलास. आदगोंडा आतल्या खोलीत यंत्रावर तबकडी चढवत होता. मी स्पीकरचा खोका उचलला, बाहेरच्या सोप्यात नेऊन ठेवला आणि दार लोटून घेतलं. माइक आणून तुझ्या मांडीसमोर उभा केला. तू आलास आणि बघत राहिलास.

"आबा, माइक खोक्याम्होरं नगं व्हय?"

"खोका घूं करतोय. तबकडीत ती घरघर येईल. माइक वाजवणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा असतो. बुवा बोलतात तवा माइक कुठं असतो, कर्ण्यापुढं का बुवापुढं?"

तू हसलास. "तेबी खरंच," म्हणालास. कर्ण्याच्या कामात मी जाणता, आणि खोका घूं करत होता हे खोटं नव्हतं. पण बुवाचा आवाज बुवाच्या तोंडातून येतो आणि तुझ्या गिटारीचा त्या खोक्यातून, हे मला चांगलं माहीत होतं. सकाळीच ऐकलं होतं. तार छेडून दाखवलीस तेव्हा हेडफोनमध्ये नुसतं पत्र्यावर नख ओढल्यासारखं आलं. आणि तू मान वर करून विचारलंस,

"येतंय का, आबा?"

"येतंय," मी म्हणालो. "लय ब्येस येतंय."

एवढंच माझं पाप आहे. लिहायला आठ महिने लागले.

मग मी हात केला, आतून आदगोंडानं यंत्र सोडलं. तीन मिनिटं. तू डोळे मिटून वाजवत होतास, बंद दारामागून तुझं तुला ऐकू येत होतं, सकाळपेक्षाही सुरेख. मी माइकच्या दांड्याला धरून उभा होतो. तुझ्याकडं बघवेना म्हणून मी नाम घ्यायला लागलो. ओठातल्या ओठात, राम कृष्ण हरी. देवाचं नाव घेतलं की वाईट वेळ निभते अशी माझी सवय आहे. त्या दिवशी मी त्या नावाच्या आड लपलो.

नवी तबकडी मऊ असते, सुईनं खरवडते, पहिल्यांदा तिकडंच वाजू दे, असं आदगोंडा म्हणाला आणि ती न ऐकताच गेली. मला हायसं वाटलं होतं. महिन्यानं परत आली तेव्हाची चिठ्ठी तुला पाठ असेल: "वादन फार क्षीण आहे, हातात जोर दिसत नाही. शिवाय खोलीत कोणी बोलत होते." ती घेऊन तू थेट सांगलीला आदगोंडाच्या दुकानात गेलास. तीन मिनिटं थोबाड बंद ठेवता येत नाही का म्हणून चारचौघांत त्याला बोललास, तबकडी त्याच्यापुढं टाकलीस आणि तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस. मी स्टेशनवर आलो होतो. गाडी सुटेपर्यंत मी पाण्याचं, उपरण्याचं, पुढच्या डब्यात जागा आहे का याचं बोलत राहिलो.

परवा शुक्रवारी, मिल सुटल्यावर मी आदगोंडाकडं गेलो. दुकानात तो एकटाच रेडिओ उघडून बसला होता. तुझं पत्र त्याला दाखवलं. त्यानं वाचलं आणि फळीवरून ती तबकडी काढली. जुन्या धोतराच्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवली होती. बांबूची सुई लावून त्यानं ती वाजवली.

तुझं वाजवणं त्यात जवळजवळ नाहीच. कांडीची खरखर आहे, तुझा श्वास आहे, पायाच्या अंगठ्यानं धरलेला ठेका आहे. दूर, भिंतीपलीकडं, कुणाच्या तरी घरी ओवी चालल्यासारखी वाटते. आणि त्या सगळ्याच्या वर, अगदी पुढ्यात, माझा आवाज. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. सुरवातीपासून शेवटपर्यंत.

मी खाली बघत होतो. आदगोंडा म्हणाला, "आबा, त्यो गेला त्याच सांजंला ह्ये म्या ऐकलंय."

"मग बोलला न्हाईस का रं? त्याला कळवायचं हुतंस. तुला किती टाकून बोलला त्यो."

"काय कळवू? बापाचा आवाज हाय त्यो. त्यो बापानं सांगायचा. म्या सांगितला तर ती चहाडी व्हईल."

"आन् मी सांगितलाच नसता तर?"

त्यानं सुई उचलली. "तर तबकडीत मीच बोलत हुतो, असंच ऱ्हायलं असतं. मला काय, लोकं तसंबी बडबड्याच म्हंत्यात."

तुझा हा मित्र माणूस म्हणून माझ्यापेक्षा मोठा आहे. त्याची क्षमा मी मागितली. त्यानं माझे हात धरून ठेवले, पाया पडू दिलं नाही. त्याची आई राजमतीबाई आतून गूळपाणी घेऊन आली आणि आम्हा दोघांचे डोळे बघून तशीच परत गेली.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं, तू सही करणार आहेस त्याच्यासकट. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली. मग म्हणाली, "त्याला येतंय म्हणालात? तुमी?" एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते आहे आणि ते मला योग्य वाटतं.

हे पत्र टपालात टाकत नाही. आदगोंडा उद्याच्या गाडीनं पुण्याला येतो आहे. पत्र, काकवी आणि ती तबकडी त्याच्याबरोबर आहे. तबकडी एकदा ऐक. माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवू नकोस, तुझ्या कानांनी ऐक आणि माइक कुठे होता ते तुझं तूच ओळख. कॅम्पात तुझ्या ओळखीच्या कुणाकडं ग्रामोफोन असेलच. मग बावीस तारखेचं काय ते ठरव. सही करायची असली तर कर. तू शिपाई आहेस, त्यात कमीपणा नाही. मी अडवणार नाही, नवस माझा होता, तो माझ्याकडंच राहू दे. पण हातात जोर नाही म्हणून सही करू नकोस. ते खोटं आहे आणि ते माझं आहे.

आदगोंडाला मुंबईहून आणखी एक कोरी तबकडी मिळाली आहे. यंत्र त्याच्या दुकानात तयार आहे. परत आलास तर आपल्या घरी वाजव, नाहीतर त्याच्याकडं वाजव. कुठंही वाजवलंस तरी एवढं कर: खोका जमिनीवर ठेवू नको, पाटावर ठेव. मागं गोधडी. माइक खोक्यासमोर हातभर, अगदी मधोमध नव्हे, उजव्या अंगाला चार बोटं, त्या दिवशी सकाळी तू ठेवला होतास तिथंच. घरघर येईल थोडी, येऊ दे. हेडफोन आदगोंडाच्या कानाला असू दे. मी सोप्यात बसेन, दाराबाहेर, तोंड मिटून.

वरती रिवाजाप्रमाणे आशीर्वाद लिहिला आहे. बापानं लेकाच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही, एक वीणा देताना सोडली तर. जे तुझं होतं आणि मी आठ महिने अडकवून ठेवलं होतं, ते आज परत देतो आहे. म्हणून शेवटी,

माझा तुला नमस्कार.

आकाराम