खाली म्हणजे खाली

बाबा,

उठल्या उठल्या जीपला हात लावू नका, आधी हे वाचा.

काल चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, जीप पुढे सरकेना, आणि मी शकुआत्यासमोर म्हणाले, "बाबांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही." काहून बोलले असं? झोप लागली नाही. उजाडताच बोनेट उघडलं.

चूक तुमची नव्हतीच. तुम्ही मेकॅनिक गौतमभैयाला सांगितलंत, "गिअरबॉक्स की केबल खाली होल में डालना." तुमचं खाली मराठी, त्याचं हिंदी! त्याच्या लेखी खाली म्हणजे रिकामं. नव्या कार्बोरेटरच्या लिव्हरला खालच्या होलात स्प्रिंग अडकवलेली, म्हणून त्याने केबल वरच्या रिकाम्यात घातली. आता पेडल पूर्ण दाबलं तरी केबल पुरती ताणली जात नाही, गिअर आतल्या आत घसरतो. अशीच चालवली तर गिअरबॉक्स आतून जळेल. तुमच्या डाव्या पायाने क्लच दाबणं होत नाही म्हणून किती वणवण करून हा ऑटोमॅटिक मिळवला, दुसरा कुठून आणू?

भैया फोन उचलून नाही राहिला. त्याला घ्यायला इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात चालले, ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला. चहा थर्मासमध्ये आहे, गोळी नाश्त्यानंतर घ्या. केबल बसली की तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊ, तुमची नर्मदामाई वाट पाहून राहिली आहे. तुम्हीच चालवा. मी बाजूला बसून "हळू, हळू" करणार नाही.

आई म्हणाली, "चावी घेऊन जा, ते ऐकायचे नाहीत."

चावी खुंटीवरच आहे.

समिधा