नरककांडीचा डाग

मी, डॉक्टर एलियाकिम वॅडली, वय वर्षे साठ, धंदा शस्त्रवैद्याचा, जन्मगाव अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतातले पीचम, हल्ली राहणार पॅरिस, बातिन्योल वस्ती, असे लिहून ठेवतो की, हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत असून माझी बुद्धी ठिकाणावर आहे. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या घराची राखण करणाऱ्या मादाम ऊदलो यांचे मत वेगळे आहे. त्या म्हणतात, "बुद्धी ठिकाणावर असती तर आठ दिवसांपूर्वीच खरं बोलला असतात तुम्ही." त्यांचे म्हणणे इथे नोंदवून ठेवतो, कारण ते खरे आहे.

याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. १८६२ सालचे तर वाचूही नये. त्यात मी सगळे एका बाईच्या नावे केले होते, आणि त्याच वर्षी तिने तोफखान्यातल्या एका माणसाशी लग्न केले.

कलम १. माझी सर्व मिळकत, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, पेढीवर ठेवलेली शिल्लक, पुस्तके, हत्यारे आणि बागेत जखमींसाठी उभे केलेले तीन तंबू (त्यातला एक फाटलेला, त्याबद्दल पुढे), ऑरिन प्रॅट यास मिळावी. ऑरिन पंचवीस वर्षांचा, ओहायोचा. तो पॅरिसला चित्रकला शिकायला आला. त्याच्या गुरूने त्याला स्नायू शिकण्यासाठी आमच्या शवविच्छेदनाच्या दालनात पाठवले. बाकीचे चित्रकार नाकाला रुमाल लावून पंधरवड्यात पळून जातात. हा राहिला. गेल्या हिवाळ्यात परक्या फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा त्याने रंगांची पेटी विकून पट्ट्यांचे कापड आणले, आणि त्या दिवसापासून तो माझा मदतनीस. हाड कुठे आहे हे त्याला कातडीवरूनच दिसते. मला ते शिकायला सहा वर्षे लागली होती, म्हणून सुरुवातीला मी त्याचा फार राग राग केला.

तो आज व्हर्सायच्या कैद्यांच्या छावणीत उघड्यावर, चिखलात आहे. दोन महिने पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध बंड चालले; ते मोडायला व्हर्सायहून आलेल्या सरकारी फौजेवर त्याने गोळ्या झाडल्या असा आरोप आहे. पुरावा एकच: त्याची बोटे काळी आहेत. परवा शुक्रवारी त्याची चौकशी आहे. तिथे डाग बारुदीचा ठरला तर शनिवारी त्याला भिंतीशी उभे करून गोळी घालतील. वरील वारसा तो जिवंत सुटला तरच लागू होतो, हे सांगायला नकोच.

कलम २. माझ्या हत्यारांच्या पेटीतली हस्तिदंती मुठीची करवत ऑरिनने वापरावी, काचेच्या कपाटात ठेवू नये. ती माझे गुरू वोद्रिये यांची.

मी १८३३ साली इथे आलो तेव्हा मला वैद्यकातले काय येत होते? माझे वडीलही वैद्यच. ते जीभ पाहून औषध देत आणि नाडी सापडली नाही तर प्रार्थना करीत. आमच्याकडे प्रेत कापायचे तर कबर उकरून चोरावे लागे, आणि सापडलो तर गाव आम्हालाच पुरायला निघे. इथे पहिल्याच सकाळी एका दालनात वीस मेजांवर वीस प्रेते उघडी पडलेली पाहिली आणि मी दारातच ओकलो. वोद्रियेंनी माझी मानगूट धरून मला आत ढकलले. "अमेरिकन! देवाने हात दिलेत ते काय खिशात घालायला? कान लाव, बोटाने ठोक, हात घाल आत, आणि मग बोल!"

त्या काळी भूल नव्हती. चार माणसे रोग्याला दाबून धरीत आणि वोद्रिये त्याचा पाय मांडीतून दीड मिनिटात कापून उतरवीत. मी धरणाऱ्या चौघांपैकी एक. एका गवंड्याने ओरडता ओरडता माझ्या मनगटाचा लचका तोडला. मी पकड सोडली, तर वोद्रियेंनी याच करवतीच्या मुठीने माझे बोट मोडले आणि ते न थांबता कापत राहिले. गवंडी जगला. त्या बोटाबद्दल माझी आजही तक्रार नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडे शिकलो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जखमेत वाढलेले कुजके मांस जाळण्यासाठी आम्ही चांदीच्या क्षाराची कांडी वापरतो. इथले लोक तिला नरकाचा दगड म्हणतात, आम्ही अमेरिकन पोरांनी तिचे नाव नरककांडी पाडले. ती ओल्या बोटाला लागली तर लागताना काहीच दिसत नाही. ऊन पडले की तासा-दोन तासांत बोट काळेठिक्कर पडते, आणि कातडी झडेपर्यंत कशानेही निघत नाही. कांडी धरायला चिमट्याची नळी मिळते. पण वोद्रियेंच्या वर्गात नळी वापरणे म्हणजे नामुष्की. ज्याची बोटे काळी तो खरा शस्त्रवैद्य, ज्याची गोरी तो नुसता फी भरणारा. आम्ही अमेरिकन तर बोटे मुद्दाम काळी करून घेत असू, आणि खाणावळीत पेला असा धरत असू की शेजारच्या मेजावरच्या मुलींना दिसावे.

हे सगळे मी ऑरिनला हसत हसत सांगितले होते. म्हातारपणी कातडी सोलवटते म्हणून मी स्वतः नळी वापरू लागलो होतो. त्यालाही एक देऊ केली. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमची बोटं काळी होती ना? मग माझी का गोरी ठेवू?" मला केवढा अभिमान वाटला! मी नळी खिशात घातली.

कलम ३. माझा थोरला भाऊ जोथम वॅडली, राहणार पीचम, यास माझ्या लिखाणाच्या मेजावरचा दगड द्यावा. तो त्याचाच आहे.

१८३७ साली मी शिकून गावी परत गेलो. पॅरिसमध्ये पाहिले ते आपल्या लोकांना द्यावे म्हणून कोठारात चार विद्यार्थी बसवून वर्ग काढला. फाशी गेलेल्या एका माणसाचे प्रेत कायदेशीर चिठ्ठीनिशी आणले. रविवारी चर्च सुटल्यावर गाव कोठारावर चालून आले आणि जोथमने त्यांना मागचे दार उघडून दिले. "पॅरिसला गेलास आणि खाटीक होऊन आलास," असे म्हणून त्यानेच हा दगड मारला. माझा जबडा दोन ठिकाणी मोडला. मग त्यांनी मला कुंपणाला बांधून कोठार पेटवले. आत माझी घोडी होती. ती मरेपर्यंत मी तिचे ओरडणे ऐकत होतो, आणि जोथम शेजारी उभा राहून स्तोत्र म्हणत होता. जबडा जुळून येताच मी पहिल्या जहाजाने इकडे आलो आणि पुन्हा गेलो नाही. चौतीस वर्षांत त्याने एकही पत्र लिहिले नाही. मीही नाही. दगड पोचल्याची पावती घ्यावी.

कलम ४. आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

मंगळवार, २३ मे रोजी दुपारी सरकारी फौज आमच्या वस्तीत शिरली. बागेतल्या तीन तंबूंत एकेचाळीस जखमी होते, दोन्ही बाजूंचे. जखमेला बाजू नसते असे मी समजत होतो. कॅप्टन द्लोर्ज नावाचा अधिकारी वीस शिपाई घेऊन आत आला. बंडखोरांना त्यांनी खाटेखालच्या बुटांवरून ओळखले. पहिल्या तंबूत नऊ जणांना खाटेवरच संगिनीने भोसकले. एकाचा पाय मी आदल्या दिवशीच उतरवला होता. तो एका पायावर उभा राहायला गेला आणि तंबूच्या कापडासकट फाडला गेला.

मग हुकूम सुटला, "हात दाखवा!"

आम्हाला सगळ्यांना रांगेत उभे केले. पाणी आणून देणारा एक कुलूपवाला होता. त्याचे हात धंद्यानेच काळे. त्याला भिंतीशी नेऊन डोक्यात गोळी घातली, त्याला आपले वाक्यही पुरे करू दिले नाही. मग ते ऑरिनपाशी आले. कॅप्टनने त्याची बोटे उजेडात धरली. "बारूद!"

ऑरिन मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "औषध आहे, साहेब. डॉक्टरांना विचारा ना."

कॅप्टन माझ्याकडे वळला. माझी बोटे गोरी होती. "काय म्हातारबुवा, हा तुमचा माणूस? नीट विचार करून सांगा हं. तुमचा असेल तर बंडखोर पोसल्याबद्दल तुम्हीही चला, भिंत लांब नाहीये."

वोद्रियेंनी शिकवले होते, हात आधी आणि तोंड नंतर. मी तोंडच आधी उघडले. म्हणालो, "मी याला ओळखत नाही." कॅप्टनने ते कागदावर लिहून घेतले आणि मी खाली सही केली. साठ वर्षांत इतकी सुबक सही माझ्याकडून झाली नव्हती.

ऑरिन ओरडला नाही, की त्याने मला शिवीही दिली नाही. आमच्या इंग्रजीत एवढेच म्हणाला, "डॉक्टर, तिसऱ्या खाटेवरच्याची पट्टी संध्याकाळी बदला, विसराल." त्याबरोबर शिपायाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. दात खाली पडलेले मी पाहिले. तिसऱ्या खाटेवरचा माणूस तेव्हा मेलेला होता. ऑरिनची तिकडे पाठ होती, त्याला ते दिसले नव्हते. परदेशी आहे म्हणून जागीच न मारता त्याला व्हर्सायला निघालेल्या कैद्यांच्या रांगेत बांधून नेले. रस्त्यात लोक कैद्यांना छत्र्यांनी आणि काठ्यांनी झोडपत होते. चांगल्या घरातल्या बायकासुद्धा.

मी भ्याड आहे. हे वकिली भाषेत कसे लिहितात मला माहीत नाही, म्हणून असेच लिहिले.

कलम ५. त्यानंतर मी तीनदा व्हर्सायला जाऊन आलो. तिन्ही वेळा कारकुनाने माझीच सही माझ्यासमोर धरली. "तुम्ही तर याला ओळखत नाही. मग आलात कशाला?" मी म्हटले, साक्ष द्यायला. तो म्हणाला, "इथे साक्षीदाराचं काम नाही. कॅप्टन बोलतो आणि आरोपी बोलतो. बाकीच्यांनी दाराबाहेर." आमच्या वकिलातीतले गृहस्थ दाढी कुरवाळत म्हणाले की, स्वतःच्या सहीविरुद्ध जाणे माझ्या वयाला शोभत नाही.

काल दुपारी हे सगळे मी मादाम ऊदलोंना सांगितले. त्या मटारच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"आरोपीला बोलता येतं म्हणाले ना?"

"हो."

"मग व्हा की आरोपी. तोंड तर काळं करून बसलाच आहात, आता हातही करा. त्याला काय मुहूर्त लागतो?"

मी म्हटले, "मादाम, वेशीवर हात तपासतात. तिथेच गोळी घातली तर?"

"तर मी रडेन," त्या म्हणाल्या. "आता मात्र तुमच्यासाठी रडू येत नाहीये मला."

सबब आज सकाळी मी नरककांडी पाण्यात विरघळवून त्यात दोन्ही हात बुडवले आणि उन्हात बसून हे लिहीत आहे. पहिले कलम लिहिताना हात गोरे होते. आता मनगटापर्यंत कोळशासारखे झाले आहेत, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी व्हायचा तसा आनंद होतो आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लिहून झाले की पायी व्हर्सायची वाट धरीन. पकडले तर उत्तमच, ऑरिनच्याच आवारात टाकतील. शुक्रवारी मी आरोपी म्हणून बोलेन, साबण मागवीन, चौकशी अधिकाऱ्यांच्या देखत हात धुईन, आणि ऑरिनचेही धुवायला लावीन. बारूद साबणाने जाते. हा डाग जात नाही.

वेशीवरच मला गोळी घातली, तर मादाम ऊदलो यांनी हे मृत्युपत्र वकिलाकडे नेण्याआधी व्हर्सायला न्यावे आणि कारकुनाच्या मेजावर ठेवावे. माणसाचे ते ऐकत नाहीत, कागदाचे ऐकतात. २३ मे रोजी मी सही केलेले निवेदन खोटे आहे. ऑरिन प्रॅट माझा माणूस आहे, माझा विद्यार्थी आहे, आणि त्याच्या बोटांचा डाग माझ्या हाताखाली पडलेला आहे.

कलम ६. माझे प्रेत मिळाले तर दालनात विद्यार्थ्यांना द्यावे. अमेरिकन विद्यार्थी असल्यास त्यांना आधी. ओकल्यास रागावू नये.

मादाम ऊदलो यांना माझी लोखंडी शेगडी द्यायची होती. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतो, आणि बाईची साक्ष इथे धरत नाहीत असेही तोच म्हणतो. तेव्हा त्यांनी शेगडी घ्यावी आणि सहीही करावी. कोणते चालत नाही ते वकिलाने शोधत बसावे.

सही: एलियाकिम वॅडली
मुक्काम पॅरिस, बातिन्योल. बुधवार, ३१ मे १८७१, सकाळचे साडेअकरा.

साक्ष: आम्ही खाली सह्या करणारे, सेलेस्तीन ऊदलो, घराची राखणदार, आणि आंसेल्म पेरिगो, तळमजल्यावरचा चांभार, शपथेवर लिहितो की, डॉक्टरांनी आज सकाळी नऊ वाजता आमच्यासमोर पाण्यासारखे स्वच्छ औषध हातांना लावले. नंतर हात उन्हात काळे पडत गेले ते आम्ही पाहिले. मादाम ऊदलो यांनी ते साबणाने, राखेने आणि शिरक्याने असे तीनदा घासले. डाग गेला नाही. पेरिगो याचे हातही धंद्याच्या मेणाने काळे असल्यामुळे तो आठ दिवस घराबाहेर पडलेला नाही. त्याने निघताना डॉक्टरांना आपले हातमोजे देऊ केले. डॉक्टरांनी ते घेतले नाहीत. बाह्या कोपरापर्यंत दुमडून ते रस्त्याच्या मधून चालत गेले.

सही: सेलेस्तीन ऊदलो
सही: आंसेल्म पेरिगो