हाताची घडी

चिरंजीव नातवास,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण तूर्त राखून ठेवते. तू खुशाल असशीलच. ज्याला कशाचं काही पडलेलं नाही त्याला काय होतंय. माझी तब्येत सध्या रागावर चालली आहे, आणि बरी चालली आहे.

सोसायटीची सभा संपताच बॅग उचलून तू नोकरीच्या गावी पळालास, म्हणून निकाल कळवते. जिन्यातल्या खिडकीखालचं माझं शिलाई मशीन काढायचं ठरलं. आठ विरुद्ध सात. बत्तीस वर्षं त्या उजेडात मी बिल्डिंगभर लोकांच्या चेनी बदलल्या, कंबरा सैल केल्या (दाताच्या डॉक्टरची तर दर वर्षी करते, आणि मशीन हलवायची मागणी त्याचीच). घरात भर दुपारी दिवा लागतो. तिथे माझ्या डोळ्यांना सुईचं भोक दिसायचं नाही. म्हणजे काम बंद.

आणि तू बापाच्या जागी मत द्यायला बसलेला, हाताची घडी घालून. आपले सेक्रेटरी हेडमास्तर हात मोजत आले तर म्हणालास, मत देणं म्हणजे दुसऱ्यावर राज्य करणं, माझ्या तत्त्वात बसत नाही. अरे, सरकार, चहा, माझं घोरणं, सगळ्यावर तुझं मत असतं, आणि द्यायची वेळ आली की संपतं? जेवताना तूच मला शिकवलंस, की ज्याचं जे आहे त्याला दहाजणांनी मिळूनही हात लावायचा नाही. पटलं मला. (जिना सगळ्यांचा आहे, ते मला ठाऊक आहे. तू त्यात पडू नकोस.) मग तेच हात वर करून सांगायला काय झालं होतं? कुणी माझं दार ढकललं आणि मी आतून रेटलं, तर मी काय त्याच्यावर राज्य केलं? म्हणे, मोजणीत शिरलं की मोजणी मान्य केल्यासारखं होतं. तू शिरला नाहीस, तरी मशीन निघालंच. तुझ्या तत्त्वाची इस्त्री तेवढी मोडली नाही.

माझ्याकडे बघ. चौथीत शाळा सुटली, पण हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

तुझी (अजून तरी) आजी

ता.क. आत्ताच हेडमास्तर येऊन गेले. त्यांचं म्हणणं, पहिला प्रश्न 'मशीन काढावं असं कुणाला वाटतं' हा होता, आणि माझा हात त्यात मोजला गेला. कानातल्या मशीनचा सेल संपला होता. बापाला सांगू नकोस.

आणखी ता.क. रविवारी पुन्हा मोजणी आहे. सेल घेऊन ये. मत देऊ नकोस, तत्त्व सांभाळ. फक्त माझ्या शेजारी बस आणि पहिल्या प्रश्नाला माझा हात खाली दाबून धर. ही जबरदस्ती होत नाही, मी लेखी परवानगी देते आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सोड, नाहीतर आशीर्वाद विसर.