साठांपैकी चारशे बारा

सोमवार, ४ मार्च
पोटात वरच्या बाजूला दुखतंय. जेवण झालं की सुरू होतं, पाठीपर्यंत जातं. गॅस. बायको म्हणते डॉक्टरकडे चला. तिला शिंक आली तरी डॉक्टर लागतो. मी गणित शिकवतो, कारण शोधणं मला जमतं. कारण: नववी ‘ब’च्या उत्तरपत्रिका. त्या वाचून कुणाच्याही पोटात दुखेल.
संकल्प: आजपासून पिणं बंद.

मंगळवार, ५ मार्च
बंद म्हणजे दोनच पेग. एकदम सोडलं तर शरीराला धक्का बसतो.

गुरुवार, ७ मार्च
बायकोने नेलंच. डॉक्टर निघाली माझी जुनी विद्यार्थिनी, भूमितीत काठावर पास. तिने पोट दाबलं. मी ओरडलो नाही, जरा मोठ्याने श्वास सोडला. सर, किती पिता, असं विचारलं. म्हटलं, प्रसंग असेल तर. बायको म्हणाली, यांना रोजच प्रसंग असतो. दोघी हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.
मग म्हणे स्वादुपिंडाला सूज असेल, रक्त आजच तपासा, लायपेज बघू. आजच! काठावरच्यांना घाई फार.

शनिवार, ९ मार्च
आज सवड झाली. लॅबमध्ये सुई बघून डोळे मिटले, विचार करायला. उघडले तेव्हा मी आडवा होतो आणि एक बाई माझे पाय वर धरून उभी होती. खोलीत हवा खेळती नव्हती. हे बायकोला सांगणार नाही. तशी ती शेजारीच होती.

संध्याकाळी
रिपोर्ट मोबाईलवर आला. लायपेज चारशे बारा. पुढे लिहिलंय, साठपर्यंत. साठांपैकी चारशे बारा! उभ्या नोकरीत मी कुणाला असे मार्क दिले नाहीत. लायपेज म्हणजे अन्न पचवणारं द्रव्य. जितकं जास्त तितकं पचन दांडगं. साधा हिशेब. आकडा लाल रंगात छापलाय. गौरव करायची ही पद्धत नवीनच.
डॉक्टरणीचे फोन येताहेत. उचलले नाहीत. अभिनंदन काय, उद्याही घेता येईल. बायकोला सांगितलं, उत्तम आलाय.

रविवार, १० मार्च, दुपारी
मेहुण्याकडे जेवण. त्याचं पडद्यांचं दुकान, आणि मतंही तो मीटरवर मोजून देतो. चारचौघांत त्याला माझा आकडा सांगितला. त्याने हातातला घास खाली ठेवला. जळला. माझा मोबाईल मागून रिपोर्ट दोनदा वाचला आणि बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजूला घेऊन गेला. तेवढ्यात मी तळलेले मासे आणि दोन पेग संपवून सर्वांना सिद्धता दिली.
खिशातली डायरी काढून हे त्याच्या बाथरूममध्ये बसून लिहितोय. गॅस जरा जास्त आहे. दार कोण ठोकतंय? शिस्त नाही या घराला.

बुधवार, १३ मार्च
हॉस्पिटल. हाताला सलाईन, अक्षर वाईट. तोंडाने काही द्यायचं नाही म्हणे. मेहुण्याने मला उचलून गाडीत घातलं. मी त्याच्या शर्टावर ओकलो. त्यावर तो अजून एक अक्षर बोललेला नाही. माणूस आतल्या गाठीचा.
डॉक्टरणीने समजावलं की हे द्रव्य आतड्यात जायला हवं. रक्तात इतकं आलं म्हणजे स्वादुपिंड दुखावलंय, स्वतःलाच पचवायला लागलंय. प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारत होती, कळलं का सर? मी नववी ‘ब’ला असंच विचारतो.
कळलं.

शुक्रवार, १५ मार्च
मेहुणा येऊन बसला. म्हणाला, पहिल्या दिवशी डॉक्टर खात्री देत नव्हते, ताई बाहेर जिन्यात बसून रडत होती. मी विचारलं, कशाला? तो माझ्या पायावरचं पांघरूण नीट करून गेला.
दुपारी पाण्याची परवानगी मिळाली. बायकोने चमचा तोंडाशी धरला. तिचे डोळे सुजलेले होते. जागरणाने, असं लिहिणार होतो.
पाणी प्यालो. दुसरा चमचा मागितला. नाही म्हणाली.
बरं म्हटलं.