बोया सरकत होता

४ जानेवारी, रविवार. दुपारी १२.१०
सीझनची तिसरी ट्रायथलॉन. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे तीन अक्षरं: डीएनएफ. म्हणजे यांनी रेस पूर्ण केली नाही. साफ चूक. मला पूर्ण करू दिली नाही.

नोव्हेंबरात पोहताना त्या होडीवाल्याने न विचारता बाहेर ओढलं. मी दम खात होतो, बुडत नव्हतो. फरक कळत नसेल तर होडीत बसू नये. डिसेंबरात पंक्चर. आज सायकलला वारा समोरून. जाताना समोरून आणि येतानाही समोरून. असं होऊ शकत नाही, असं विश्वजीत म्हणाला. विश्वजीत म्हणजे बी विंग, सहावा मजला, तिन्ही रेस पूर्ण. वर गुडघा कसा आहे म्हणून विचारतो. माझा गुडघा, मी बघीन.

अठरा वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. रूट कॉज काढायला मला कोणी शिकवू नये. आजचे रूट कॉज: वारा, आयोजक, बायकोने, म्हणजे पद्मजाने, काल केलेली वालाची उसळ. चौथं सापडलं नाही.

५ जानेवारी, सोमवार
लिफ्टमध्ये कृष्णकांतकाका. सोसायटीचे सेक्रेटरी. १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा, सोसायटीचा सत्यनारायण, संध्याकाळी गुणवंतांचा सत्कार. ए विंगच्या अरुंधतीताईंना पीएचडी मिळाली, त्यांचा आणि माझा. शाल, श्रीफळ. विचारलं, या सीझनला किती रेस? म्हटलं, तीन. सगळ्या पूर्ण? तेवढ्यात दार उघडलं. मी मान हलवली.

आता ते फलकावर 'ट्रायथलॉन फिनिशर' लिहिणार. लिहू देत. सीझनची शेवटची रेस त्याच दिवशी सकाळी करंजाच्या खाडीत आहे. सकाळी पूर्ण, संध्याकाळी सत्कार. काकांनी थोडं आधी लिहिलं, इतकंच.

७ जानेवारी, बुधवार
संकल्प. पहाटे साडेचारला उठणे. सोम-बुध-शुक्र पोहणे, मंगळ-गुरू सायकल पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंत आणि परत, शनिवार-रविवार धावणे. साखर बंद. चिडणे बंद.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.२०
गजर वाजला म्हणे. मला उठवायचं काम गजराचं, ते त्याने केलं नाही. पद्मजा म्हणाली, वाजला, तुम्हीच बंद केलात, आणि त्याला शिवीही दिलीत. ही घरातली माणसं.

११ जानेवारी, रविवार
वडाळे तलावाला सात फेऱ्या ठरवल्या होत्या. तीन झाल्या. स्वेटर घातलेले एक आजोबा मला दोनदा मागे टाकून गेले, तेही चालत आणि फोनवर जावयाशी बोलत. तलावाभोवती गर्दी फार. शास्त्रशुद्ध धावणाऱ्याला पनवेलमध्ये जागाच नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
कोच प्रितमशी भांडण. वय अठ्ठावीस. म्हणतो, सर, करंजाला छोट्या अंतराच्या गटात उतरा, साडेसातशे मीटर पोहणं. म्हणतो, तुम्ही श्वास घ्यायला पूर्ण डोकं वर काढता, आधी पोहणं मुळापासून नीट करू. मुळापासून! सांगलीकडच्या सत्तर फूट विहिरीत उड्या मारलेल्या माणसाला हे ऐकवतो. छोटा गट पोरांचा असतो. मी पूर्ण गटातच उतरणार, दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा धावणं. कोचिंग बंद केलं.

घरी हे सांगितलं तर पद्मजा म्हणाली, विहिरीत तुमच्या पाठीला भोपळा बांधलेला असायचा, सासूबाईंनीच सांगितलंय. आईने हे सांगायचं काही कारण नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी १
हे लिहितोय. संतापाने.

करंजाला सरावाला गेलो. तिथल्या दत्ताला परवा फोन केला होता. मासेमारीची होडी आहे त्याची, रेसच्या दिवशी आयोजकांनी त्यालाच लावलंय. त्याने सांगितलं, रविवारी अवस हाय, सकाळचं पानी नाय, दहा-अकराला या. आता हे मला कॅलेंडर सांगणार. जगातले सगळे खेळाडू पहाटे पोहतात. मी सव्वासहाला हजर.

समुद्र नव्हता. होता, पण लांब. म्हटलं, चालत जाऊ. वीस पावलांवर पोटरीपर्यंत चिखल, पंचवीसवर मांडीपर्यंत. तिसाव्या पावलाला डावा पाय निघेना, उजवा आत जाईना. अंगात रेसचा घट्ट ट्रायसूट, डोक्यावर केशरी टोपी, डोळ्यांवर गॉगल. तसा चाळीस मिनिटं उभा.

शेवटी बोंबील वाळत घालणाऱ्या गंगाबाई नावाच्या मावशींनी बघितलं. त्या आधी हसल्या. मग आणखी दोघींना बोलावलं, त्याही हसल्या. मग फळी टाकून, काखेत धरून, मला बाहेर काढलं. एक बूट तिथेच राहिला. गंगाबाई म्हणाल्या, अवस-पुनवेला सकाळी खाडी सुकी असते, हे आमच्या शेळीला पन ठावं हाय. हे बोलायची गरज नव्हती.

रूट कॉज: दत्ताने 'चिखल' हा शब्द वापरलाच नाही. 'पानी नाय' हे अपुरं कम्युनिकेशन आहे.

१९ जानेवारी, सोमवार
दोनदा आंघोळ करूनही अंगाला मासळीचा वास. ऑफिसात सुनीता मॅडमनी खिडकी उघडली आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर निदान उत्तर देता आलं असतं.

२४ जानेवारी, शनिवार
गेटवर फलक लागला. सहा फूट. माझा फोटो, खाली 'सलग तीन ट्रायथलॉन पूर्ण करणारे आपले उदयसिंह'. 'सलग' हा शब्द मी कुठे सांगितला होता? काकांच्या अंगात उत्साह फार. वॉचमन सलाम करतो. दूधवाला थांबून बघतो. विश्वजीत फलकासमोर बराच वेळ उभा होता, मग माझ्याकडे बघून छान फोटो आलाय म्हणाला. टोमणा. सरळ टोमणा.

फलक काढायला सांगावा असं एकदा मनात आलं. पण मग का म्हणून विचारतील. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

२८ जानेवारी, बुधवार
आज घरात स्फोट.

सत्कारात घरच्यांपैकी एकाने दोन शब्द बोलायचे, अशी काकांची टूम. माझ्यासाठी लेकीचं, अनुयाचं नाव घातलं. अकरावीत आहे, वक्तृत्वात बक्षिसं मिळवते. ती वही घेऊन आली. विचारते, बाबा, नक्की किती पूर्ण झाल्या? मी म्हटलं, फलकावर लिहिलंय. ती म्हणाली, मी साइटवर निकाल बघितलेत.

मी ओरडलो. अभ्यास सोडून हे धंदे का म्हणून ओरडलो. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की मी माइकवर खोटं बोलणार नाही, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पण पाडणार नाही, म्हणून आधी विचारायला आले. मग काय करायचं ते तुम्हीच सांगा.

म्हटलं, रविवारी दुपारी सांगतो. एक तर झालेली असेल, मग एकीवर बोल भरपूर.

जेवताना पद्मजाने आधी अनुयाला वाढलं. ही सगळी तिची शिकवण.

३१ जानेवारी, शनिवार
झोप पूर्ण. गुडघा ठीक. भाषण तयार, बारा मिनिटांचं. विषय: चिकाटी.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.३०
करंजा. पौर्णिमा असल्याने भरती दुपारी, म्हणून पोहणं साडेनऊला सुरू. उन्हात. आयोजकांचा गलथान कारभार. पण आज मला कोणी चिडवू शकत नाही. आज पूर्ण करणार. अनुयासाठी करणार. पाणी मस्त भरतंय.

त्याच दिवशी. दुपारी २
सूचना द्यायला दत्ता उभा. वळायची खूण म्हणून खाडीत बोया, म्हणजे दोरीने नांगराला बांधलेला मोठा तरंगता फुगा. म्हणे, पानी आत वढतंय, सरळ नका पवू, बोयाच्या लय डावीकडं धरून पवा, पानीच तुमाला बोयावर आणंल. सरळ ग्याले तर खाडीच्या पार आत, आपटा गावाला निघाल. लोक हसले. सरळ रेषा हे दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर असतं, हे शाळेत शिकलोय. सगळे डावीकडे गेले. मूर्ख. मी सरळ बोयावर नजर ठेवून निघालो.

बोया सरकत होता. मी जेवढे हात मारले तेवढा तो डावीकडे सरकला. म्हणून उजवीकडच्या काठाकडे बघितलं, तर काठही सरकत होता. मग बोया मागे गेला. मग किनाऱ्यावरचे मंडप लहान झाले. डोकं वर काढून ओरडलो, तोंडात पाणी. पाठीवर उलटा झालो. आभाळ तेवढं जागच्या जागी होतं. मला भीती वाटली. हे इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

दत्ताने होडी आणून दंडाला धरून आत घेतलं. पाण्याची बाटली दिली आणि अंगावर आपला टॉवेल टाकला. सोळा मिनिटं झाली होती. सायकलला हातही लागला नाही.

रूट कॉज: बोयाची दोरी सैल बांधली असणार. तक्रार करणार. लेखी.

त्याच दिवशी. संध्याकाळी ८
तीर्थप्रसाद झाला. अरुंधतीताईंचा सत्कार झाला. मग मी. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. शाल अंगावर, नारळ हातात. अनुया माइकवर गेली. दुपारी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही, साइटवर माझ्या नावापुढे 'होडीने बाहेर' लिहिलेलं तिने बघितलं असावं.

ती म्हणाली, माझे बाबा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. या सीझनमध्ये ते चार वेळा रेससाठी पाण्यात उतरले. आज त्यांना होडीने पाण्यातून बाहेर काढावं लागलं. ते घरी सुखरूप आले, म्हणून मला आज इथे बोलता येतंय. धन्यवाद.

मग टाळ्या पडल्या. बऱ्याच. विश्वजीत उभा राहून वाजवत होता. काका फलकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. मग माइक माझ्या हातात. बारा मिनिटांचं भाषण खिशात होतं. मी म्हटलं, फलक चुकीचा आहे, एकही पूर्ण झाली नाही, चूक माझी आहे. आणि बसलो. अनुया शेजारी येऊन बसली. तिने नारळ माझ्या हातातून घेतला, जड आहे म्हणून.

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळपासून कुणावर चिडावं ते बघतोय. आयोजकांना पत्र लिहायला बसलो, दोन ओळींनंतर पुढे काही सुचेना.

प्रितमला मेसेज केला की पोहणं मुळापासून शिकायचं आहे. म्हणाला, सर, आत्ता फक्त सहा ते नऊ वयोगटाच्या बॅचमध्ये जागा आहे, संध्याकाळी पाच वाजता, चालेल का.

चालेल म्हटलं.